कॉलेजातलं इंजिन आणि एमआयडीसीतलं इंजिन

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलमध्ये एमई झालं, पीएचडीला नाव नोंदवलं. गाइडनी ‘करंज बायोडिझेलच्या मिश्रणांवर एक-सिलिंडर डिझेल इंजिनाची कार्यक्षमता आणि उत्सर्जन, नॅनो-अॅडिटिव्हसह’ हा विषय सुचवला आहे (नॅनो म्हणजे इंधनात मिसळायची अतिसूक्ष्म पूड). लॅबमध्ये इंजिन, डायनो (इंजिनावर लोड टाकून ताकद मोजणारं यंत्र), गॅस अॅनालायझर, स्मोक मीटर सगळं आहे. पण एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेला भाऊ म्हणतो, असल्या प्रबंधांना बाहेर कुणी विचारत नाही. यात खरंच दम आहे का, आणि औद्योगिक इंजिनं आणि पर्यायी इंधनं यांत विद्यापीठाच्या पातळीवर करण्यासारखं काय उरलंय?

भावाचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं तुमच्या हातात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी अठ्ठावीस वर्षं टेस्ट बेडवर गेली. आधी डिझेल जेनसेट (इंजिनावर चालणारे वीज जनरेटर), मग गॅस इंजिनं. गेली दहा-बारा वर्षं परीक्षक म्हणून प्रबंधही येतात. त्यातल्या बहुतेकांत इंजिन एकच असतं: बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, ६६१ सीसी, कॉम्प्रेशन रेशो १७.५, १५०० आरपीएमला ५.२ किलोवॅट, इंजेक्शन टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या, आधी २३ अंशांवर. रामरक्षेसारखं पाठ झालंय. किर्लोस्करांचं टीव्ही-१. देशातल्या निम्म्या कॉलेजांत ते डायनोला जोडून बसलंय आणि त्यात वाईट काही नाही. दणकट आहे, स्पेअर गल्लीबोळात मिळतात, विद्यार्थ्यांच्या पाच बॅचेस अंगावर घेतं. पण त्याचा जन्म पंप आणि छोटा जनरेटर चालवण्यासाठी झाला. त्याच्यावर काढलेला आकडा उचलून पाचशे किलोवॅटच्या, टर्बो-इंटरकूलर-कॉमन रेलवाल्या इंजिनाला लावायचा म्हणजे बैलगाडीची ब्रेक टेस्ट घेऊन एसटीला पास करण्यासारखं आहे.

आता विषयाकडे. वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालतं का, हा प्रश्न १९०० साली सुटला. पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. बायोडिझेल मिसळल्यावर उत्सर्जनाचं काय होतं, याचं मोठं संकलन अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००२ मध्ये केलं. २० टक्के मिश्रणाला (बी-२०) हेवी-ड्यूटी इंजिनांत सरासरी कण १० टक्के कमी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के कमी, हायड्रोकार्बन २१ टक्के कमी, नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) २ टक्के जास्त. त्यानंतर करंज, मोह, कडुनिंब, मोगली एरंड (जट्रोफा), कोकणातली उंडी, रबराच्या बिया, एक एक तेल घेऊन आपल्याकडे प्रबंधांची रांग लागली. बहुतेकांचा निष्कर्ष तोच: धूर कमी, नॉक्स थोडा जास्त, इंधन थोडं जास्त लागतं. इंधन जास्त लागणारच. डिझेलचं उष्मांकमूल्य किलोला ४२.५ मेगाज्यूलच्या आसपास, बायोडिझेलचं ३७-३८. तेलाचं मिथाइल एस्टर, म्हणजे बायोडिझेल, केलं की त्यातल्या फॅटी अॅसिडांचं प्रमाण काय, यावरूनच सीटेन (इंधन आपलं आपण किती पटकन पेटतं त्याचा आकडा), चिकटपणा आणि थंडीत गोठण्याचा बराचसा अंदाज कागदावर बांधता येतो. नुसतं झाड बदलून प्रबंध नवा होत नाही.

आणि तेल येणार कुठून? २००३ च्या नियोजन आयोगाच्या अहवालानंतर मोगली एरंडाचा केवढा गाजावाजा झाला ते आठवा. बांधाबांधावर रोपं लागली. बिया वेचायला मजुरी किती पडते, याचा हिशेब मात्र कुणी आधी मांडला नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे, पण त्यातही आता भर दिसतो तो वापरून झालेल्या खाद्यतेलावर. करंजाशी माझं भांडण नाही. पण ‘हे इंधन कोणाच्या टाकीत जाणार’ हा प्रश्न पहिल्या प्रकरणातच यायला हवा, आणि तो बहुधा शेवटच्या ‘भविष्यातील वाव’मध्ये अर्ध्या ओळीत उरकलेला असतो.

आता तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल ते सांगतो. विषय बदलायची परवानगी मिळो न मिळो, मोजमाप नीट केलंत तर प्रबंधाला वजन येईल. बहुतेक प्रबंध पडतात ते इथेच.

इंधनाचा खप मोजायची ब्युरेट, म्हणजे खुणांची काचेची नळी, घ्या. फुल लोडला ५.२ किलोवॅट आणि युनिटला ०.२८ किलो खप धरा. म्हणजे तासाला साधारण पावणेदोन लिटर. ब्युरेटमधले १० सीसी संपायला साडेवीस सेकंद लागतात. आता स्टॉपवॉचवर तुमचा अंगठा आणि डोळा यांच्यात पाव-अर्धा सेकंदाचा घोळ असतोच. ०.३ सेकंद धरा, दीड टक्का गेला. ब्युरेटची रेघ वाचण्यात ०.१ सीसी, आणखी एक टक्का. दोन्ही मिळून पावणेदोन टक्क्यांच्या वर अनिश्चितता. म्हणजे ३०.२ टक्के ब्रेक थर्मल एफिशियन्सी (इंधनाच्या उष्णतेतला कामाला आलेला हिस्सा) तुम्ही लिहिलीत तर ती २९.७ ते ३०.७ मध्ये कुठेही असू शकते. आणि मी असे प्रबंध वाचलेत की ज्यात ‘बी-२० मिश्रणात ०.४ टक्क्याने कार्यक्षमता वाढली, कारण इंधनातल्या ऑक्सिजनमुळे ज्वलन सुधारलं’ अशी दोन पानं आहेत. ज्वलन सुधारलं नाही हो, अंगठा लवकर पडला. १० ऐवजी ५० सीसी मोजा, नाहीतर वजनकाट्यावर टाकी ठेवून दहा मिनिटं चालवा. प्रत्येक पॉइंट निदान पाच वेळा घ्या. आलेखावर अनिश्चिततेच्या रेषा काढा. मग निम्मे निष्कर्ष आपोआप गळतील, आणि उरतील ते खरे असतील.

उष्मांकमूल्याचा सापळा याहून भारी. बॉम्ब कॅलरीमीटर जे देतो ते ग्रॉस मूल्य. त्यात वाफेचं पाणी झाल्याची उष्णताही मोजलेली असते. इंजिनाच्या हिशेबात नेट मूल्य घेतात. डिझेलमध्ये या दोहोंत सहा-सात टक्क्यांचा फरक आहे. एका प्रबंधात डिझेलचं मूल्य प्रयोगशाळेच्या अहवालातून, म्हणजे ग्रॉस, घेतलं होतं आणि बायोडिझेलचं एका जुन्या पेपरमधून, म्हणजे नेट. साहजिकच बायोडिझेल जिंकलं. व्हायवाला मी एवढंच विचारलं, की हे दोन आकडे कुठून आणलेत. पुढची पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

तिसरा सापळा आपल्या हवामानाचा आहे. नॉक्स हवेतल्या पाण्याच्या वाफेने कमी होतो. किलोभर कोरड्या हवेमागे एक ग्रॅम पाणी वाढलं की नॉक्स पावणेदोन-दोन टक्क्यांनी उतरतो. इंजिनांचं उत्सर्जन मोजण्याच्या आयएसओ ८१७८ मानकात त्याच्या दुरुस्तीचं सूत्र दिलेलं आहे आणि संदर्भ १०.७१ ग्रॅमचा आहे. पुण्यात जानेवारीची कोरडी हवा आणि श्रावणातली ओली हवा यात सात-आठ ग्रॅमचा फरक सहज पडतो. आता बघा काय होतं. विद्यार्थी डिझेलची बेसलाइन जानेवारीत काढतो, तेल येतं एप्रिलमध्ये, एस्टर होतं जूनमध्ये, मिश्रणाच्या चाचण्या ऑगस्टमध्ये. आणि निष्कर्ष, ‘नॅनो-अॅडिटिव्हमुळे नॉक्समध्ये १२ टक्के घट’. ती घट वरुणराजाची. उपाय सोपा आहे: त्याच दिवशी आधी डिझेल, मग मिश्रण, मग पुन्हा डिझेल. दोन्ही डिझेलची रीडिंगं जुळली नाहीत तर तो दिवस रद्द. ओला-सुका थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, पण लॅबमध्ये टांगलेला क्वचितच दिसतो.

‘बायोडिझेलने नॉक्स वाढतो’ या वाक्यातही एक मेख आहे. बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबतं, आवाज त्यातून वेगाने जातो. तुमच्या लॅबमधल्या जुन्या पद्धतीच्या पंप-पाइप-नोझल रचनेत त्यामुळे दाबाची लाट नोझलपर्यंत लवकर पोचते आणि इंजेक्शन थोडं अलीकडे सरकतं, अंशाच्या हिशेबात. इंजेक्शन अलीकडे आलं की नॉक्स वाढणारच, इंधन कुठलंही असो. कॉमन रेलमध्ये सुई कधी उघडायची हे कंट्रोलर ठरवतो, तिथे हा परिणाम जवळजवळ उरत नाही. नीडल लिफ्ट (नोझलच्या सुईची उचल) किंवा निदान लाइन प्रेशर मोजून इंजेक्शन किती सरकलं ते दाखवलंत, आणि मग टायमिंग मागे घेऊन पुन्हा नॉक्स मोजलात, तर नॉक्सची किती वाढ इंधनाच्या रसायनाची आणि किती पंपाची, हे वेगळं काढता येतं. याच टीव्ही-१ वर हे काम होतं. मला असा प्रबंध आला तर मी आनंदाने सही करीन.

नॅनो-अॅडिटिव्हबद्दल माझं मत कडक आहे, आधीच सांगतो. अॅल्युमिना पन्नास-शंभर पीपीएम, सोनिकेटरमध्ये अर्धा तास, रंग छान दुधाळ. सोमवारी बाटली पाहा, तळाला साका. अॅल्युमिना म्हणजे पॉलिश पेपरवरची पूड. ती फिल्टरमध्ये किती अडकली, नोझलच्या भोकांतून किती गेली, लायनरवर किती घासली आणि सायलेन्सरमधून किती बाहेर पडून कुणाच्या फुप्फुसात गेली, हे मोजल्याशिवाय ‘कार्यक्षमता वाढली’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. गाइडना सांगा, की नॅनो ठेवायचंच असेल तर शंभर तास चालवून लायनर आणि एक्झॉस्टमधली धूळ तपासूया. बहुतेक तिथेच नॅनो विषयातून बाहेर पडेल.

आता भावाच्या जगाकडे येऊ.

कारखान्यात जेनसेट फुल लोडवर जवळजवळ कधीच चालत नाही. लाइट गेली की अर्ध्या लोडवर, पाव लोडवर, कधी त्याहूनही खाली. नियमांनाही हे ठाऊक आहे. स्थिर वेगाच्या जेनसेटसाठी जे डी-२ चाचणीचक्र आहे त्यात पाच पॉइंट आहेत: १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के लोड. त्यांचं वजन अनुक्रमे ०.०५, ०.२५, ०.३०, ०.३० आणि ०.१०. म्हणजे ज्या फुल लोडवर आपले विद्यार्थी अख्खं प्रकरण लिहितात त्याला गुण शंभरात पाच. तुम्ही तसेही ०, २५, ५०, ७५, १०० टक्क्यांवर रीडिंग घेताच. शून्याच्या जोडीला दहाचा पॉइंट घ्या आणि निकाल ग्रॅम प्रति किलोवॅट-तासात, वजन लावून द्या. पीपीएममध्ये देऊ नका. पीपीएमवरून कारखानदाराला, नियामकाला, कुणालाच काही ठरवता येत नाही.

जुलै २०२३ पासून जेनसेटना सीपीसीबीचे (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे) चौथे-प्लस नियम लागले, हे ठाऊक असेलच. ५६ ते ५६० किलोवॅटच्या गटात कणांची मर्यादा ०.०२ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास झाली; २०१४ च्या नियमांत मोठ्या सेटना ती ०.२ होती. दहावा हिस्सा. नॉक्सला ०.४०. यासाठी मागे फिल्टर, युरिया, उत्प्रेरक अशी मोठी शेपटी लागते. ती शेपटी लागली की बायोडिझेलने धूर दहा टक्के कमी होतो की पंधरा, याला अर्थ राहत नाही, कारण फिल्टर तो तसाही खातो. खरा प्रश्न असा होतो: एस्टर बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकातलं सोडियम-पोटॅशियम इंधनात किती उरलं, त्याची राख फिल्टरमध्ये किती साठली, एससीआरचा, म्हणजे युरियाने नॉक्स मारणाऱ्या यंत्रणेचा, उत्प्रेरक त्याने किती लवकर निकामी झाला. युरोपच्या ईएन १४२१४ या बायोडिझेलच्या मानकात या दोहोंना मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे ती उगीच नाही. छोट्या युनिटात बनणारं बायोडिझेल ती पाळतं का, हे तपासायला तर इंजिनही लागत नाही. तुमच्या लॅबमधलं पाच किलोवॅटचं इंजिन ज्या गटात येतं तिथे नियम इतके कडक नाहीत, त्यामुळे शेतावर, मोबाइल टॉवरवर चालणाऱ्या छोट्या सेटचं संशोधन म्हणून टीव्ही-१ चं काम आजही खपेल. फक्त प्रस्तावनेत ‘औद्योगिक इंजिनांसाठी’ असं लिहू नका.

कारखानदार इंधनाबद्दल काय विचारतो? टिकेल का, इंजिन ऑइल किती तासांनी बदलायचं, लोड एकदम आला तर इंजिन बसेल का, सेटची ताकद किती उतरेल, आणि वॉरंटी जाईल का. यातल्या एकाचंही उत्तर अर्ध्या तासाच्या चाचणीत मिळत नाही. भारतीय मानक आयएस १०००० मध्ये ५१२ तासांची एन्ड्युरन्स चाचणी आहे, सोळा-सोळा तासांची बत्तीस चक्रं. कंटाळवाणं काम आहे. रात्रपाळीला कुणी थांबायला तयार नसतं, आणि त्यातून पेपर एकच निघतो. म्हणून कुणी करत नाही, आणि म्हणूनच ते करण्यासारखं आहे. ऑइलचा नमुना दर सोळा तासांनी काढून त्यात लोखंड, तांबं, शिसं, इंधनाची भेसळ आणि चिकटपणा बघितलात तर भावाच्या साहेबाशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

गॅसचं एक उदाहरण सांगतो, म्हणजे ‘इंधन’ हा शब्द कारखान्यात किती लांबडा असतो ते कळेल. एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत स्पेंटवॉशच्या (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या) बायोगॅसवर गॅस इंजिन होतं. कागदावर हा गॅस म्हणजे मिथेन ५५ ते ६५ टक्के आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. इंजिनाला तो आवडतो. कार्बन डायऑक्साइडमुळे नॉकिंगचा (मिश्रण अवेळी भडकण्याचा) धाक कमी होतो, कॉम्प्रेशन वाढवता येतं. पण स्पेंटवॉशच्या कच्च्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत मोजावा इतका असतो, आणि तो स्क्रबरने खाली आणावा लागतो. आम्हाला बोलावलं तेव्हा इंजिनाचा ऑइल प्रेशर हळूहळू पडत होता. बेअरिंग काढलं, तर तांब्याच्या रंगाऐवजी कोळशासारखं काळं, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघत होता. लॉगशीट मात्र स्वच्छ. रोज सकाळी दहाला हायड्रोजन सल्फाइडचं रीडिंग, रोज मर्यादेत. दोन दिवस तिथेच मुक्काम ठोकला तेव्हा उलगडलं. डायजेस्टरला ताजा स्पेंटवॉश रात्रपाळीत सोडत, आणि पहाटे तीन ते सहा स्क्रबरला तो भार झेपत नव्हता. सकाळी दहापर्यंत सगळं पूर्ववत. रात्रीचा तो गॅस रिंगांतून झिरपून क्रँककेसमध्ये जाई आणि तांब्याला खाई. जळलेल्याचं सल्फ्युरिक अॅसिड होऊन इंजिन ऑइलचा बेस नंबर, म्हणजे आम्ल मारायची ताकद, संपवी. तेल बदलायची मुदत पुस्तकात होती तीच ठेवली होती. दोष कुणा एकाचा नव्हता, पण बेअरिंगला ते कुठे कळतं?

(जाता जाता: हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा, हे खरं, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. ‘आता वास येत नाही’ म्हणून आत वाकणारी माणसं मी पाहिली आहेत. मीटर गळ्यात हवाच.)

यात विद्यापीठाचं काम कुठे आहे? अगदी तुमच्या लॅबमध्ये. सीएनजीचा एक सिलिंडर आणि कार्बन डायऑक्साइडचा एक, दोन फ्लोमीटर, एक मिक्सर. हा झाला कृत्रिम बायोगॅस, हवा तसा पातळ करता येणारा. तो इनटेकमधून सोडा, डिझेलचा छोटा फवारा पेटवण्यापुरता. याला ड्युअल फ्युएल म्हणतात आणि जुन्या डिझेल सेटना गॅसची जोड देण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. फुल लोडवर झकास चालतं. अडतं पाव लोडवर. डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसतो, हवा पूर्ण आत येते, गॅस थोडा. मिश्रण इतकं विरळ होतं की फवाऱ्याजवळचा गॅस जळतो आणि भिंतीजवळचा तसाच बाहेर पडतो. तो मिथेन असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची हवा तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट धरतात. म्हणजे जिथे जेनसेट खरं तर चालतो, त्या लोडवर ‘हरित’ गॅस काळा ठरू शकतो. तो किती सुटतो, हवा थोडी अडवली, इनटेक गरम केला किंवा पायलट (पेटवणीचं) डिझेल वाढवलं तर किती कमी होतो, आणि डी-२ चं वजन लावल्यावर एकूण हिशेब काय येतो, हा तीन वर्षांचा पोटभर विषय आहे. एक सूचना मात्र: तुमच्या लॅबमधला पाच-गॅस अॅनालायझर हायड्रोकार्बनसाठी हेक्सेनवर बसवलेला असतो. मिथेन त्याला नीट दिसतच नाही. रीडिंग कमी आलं म्हणून खूश होऊ नका. एफआयडी (हायड्रोकार्बन ज्योतीत जाळून मोजणारं उपकरण) मिळवा किंवा नमुना पिशवीत भरून गॅस क्रोमॅटोग्राफवर न्या. रसायनशास्त्र विभागात तो असतो, चहा पाजून काम होतं.

बाकीच्या इंधनांबद्दल भराभर सांगतो. लाकूड-भुशाचा प्रोड्यूसर गॅस: बंगळुरूच्या आयआयएससीने ओपन-टॉप गॅसिफायरवर पिढ्यान्‌पिढ्या काम केलंय, ते आधी वाचा. गॅस पातळ आहे, घनमीटरला पाचेक मेगाज्यूल, निम्मा तर नायट्रोजन. ड्युअल फ्युएलवर सत्तर-ऐंशी टक्के डिझेल वाचतं, पण ताकद उतरते आणि डांबर व्हॉल्व्हच्या दांड्याला चिकटतं. शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, बंद खोलीत जीव घेईल. इथेनॉलचं सीटेन आठच्या आसपास, डिझेल इंजिनात ते आपलं आपण पेटत नाही. २०१४ मध्ये नागपुरात धावलेल्या स्कॅनियाच्या इथेनॉल बसमध्ये म्हणूनच पेटवायला मदत करणारं अॅडिटिव्ह आणि २८ चा कॉम्प्रेशन रेशो लागला. उसाच्या राज्यात इथेनॉलचा जेनसेट हा विषय सुचणं साहजिक आहे, पण तो स्पार्क-इंजिनाने करा, डिझेलमध्ये इथेनॉल ढवळून नको; थोडं पाणी शिरलं की दोन थर होतात.

हायड्रोजन सध्या सगळ्यांना हवाय. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत जळतो, पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, म्हणून इनटेकमध्येच भडकतो. आयआयटी दिल्लीत प्रा. एल. एम. दास यांनी त्या बॅकफायरमागे अनेक वर्षं घालवली. फ्लेम अरेस्टर, गळती डिटेक्टर आणि छतापाशी मोकळी हवा नसेल तर हात लावू नका. आणि अल्टरनेटरच्या विजेवर पाणी फोडून तोच वायू इंजिनात सोडणारं ‘एचएचओ किट’ प्रबंधात आणू नका, पाया पडतो. इंजिनाचीच ताकद दोनदा तोटा करून परत इंजिनाला दिल्याने वाढत नाही. अमोनियाबद्दल एकच: ज्योत मिथेनच्या पाचव्या हिश्शाच्या वेगाने सरकते, आणि नायट्रस ऑक्साइड सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट जड पडतो. जहाजवाले बघून घेतील.

औद्योगिक इंजिनांवर विद्यापीठाने काम कसं करावं याचा नमुना हवा असेल तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे पाहा. १९९२ मध्ये ब्रायन विल्सन यांनी फोर्ट कॉलिन्स शहराच्या जुन्या, बंद पडलेल्या वीजघरात इंजिन लॅब सुरू केली आणि आत कूपर-बेसेमरचं खोलीएवढं गॅस इंजिन बसवलं, नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनवर कॉम्प्रेसर चालवणारं. अशी जुनी इंजिनं पाइपलाइनवर शेकड्यांनी होती, फेकून देणं परवडत नव्हतं, आणि प्रदूषणाचे नियम आले होते. म्हणजे आधी इंजिन होतं, मालक होता, अडचण होती. संशोधनाचा विषय त्यातून निघाला. त्याच लॅबमधून २००३ मध्ये एन्व्हायरोफिट नावाची संस्था निघाली आणि फिलिपिन्समधल्या टू-स्ट्रोक तीनचाकींना थेट इंजेक्शनचं किट लावू लागली. आपल्याकडे उलटी गंमत आहे. खडकी, कोथरूड, कोल्हापूर इथे इंजिन बनवणारे आहेत, पुण्यात एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, आणि पाच किलोमीटरवरच्या कॉलेजात पीएचडीचा विद्यार्थी दुसऱ्याचा पेपर बघून तेल निवडतो.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर गाइडशी भांडू नका. करंज ठेवा, कारण सिनॉप्सिसमध्ये ते लिहिलं गेलं असेल. नॅनोच्या जागी इंजेक्शन टायमिंग वेगळं काढण्याचा भाग टाका. किंवा करंजाचं बायोडिझेल पायलट म्हणून घ्या आणि मुख्य इंधन कृत्रिम बायोगॅस, पाव आणि निम्म्या लोडवर भर देऊन; दोन्ही इंधनं जैविक, शीर्षकही फारसं बदलत नाही. विद्यापीठाच्या समितीला शीर्षक बदललेलं आवडत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे.

आणि सिनॉप्सिस टाइप करायच्या आधी एक दिवस भावाच्या कारखान्यात जा. डीजी (जनरेटर) रूममध्ये खुर्ची टाकून बसा, वही घ्या. दर पंधरा मिनिटांनी लिहा: किलोवॅट किती, लोड कधी उडी मारतो, कूलंटचं तापमान, डिझेलची टाकी किती उतरली. ऑपरेटरला विचारा तेल कधी बदललं आणि का बदललं. लॉगशीटवर सगळे आकडे गोल दिसले तर त्याच्याबरोबर चहा घ्या आणि खरे आकडे विचारा. मग ती वही घेऊन इथे परत या, आपण लोडचे पाच पॉइंट त्यातूनच ठरवू.